टरबुजाच्या मळ्यातले ग्रीक

“कुणीही हलू नका! तुम्ही प्राचीन ग्रीसमध्ये उभे आहात!” नवनीत सर ओरडले.

नईमा, भाग्येश आणि ममता जागच्या जागी थबकले. ते उभे होते सारंगखेड्याला, तापीकाठी, भिकुबाईंच्या टरबुजाच्या मळ्यात. सुट्टीतल्या इतिहास-सहलीला एस.टी.चं दहा रुपये तिकीट काढून माणूस ग्रीसला पोचतो, हे त्यांना नवीनच होतं.

गाळातून तीन पांढरे, पन्हाळीदार खांब डोकावत होते. सरांनी मळ्याभोवती दोरी बांधायला घेतली.

“मास्तर, चार वाजता टेम्पो येई!” भिकुबाई कळवळल्या. “मी टरबूज कव्हय तोडू?”

“मावशी, आता इथे पाऊल टाकायचं नाही. पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब येऊन पाहतील. फार तर दोन महिने!”

“दोन महिनामा मन्हा टरबूजना बी अवशेष व्हतीन!”

तीन वाजले होते.

“सर, खांब आतून पोकळ आहे. आणि गोणपाट दिसतंय!” ममता म्हणाली.

“पाहिलंस? गोणपाटसुद्धा ग्रीकांनीच शोधलं!” सरांनी वहीत टिपून घेतलं. “आणि हा उठावाचा पंजा पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक बाळ! करंगळी वाकडी आहे बिचाऱ्याची.”

नईमानं स्वतःची करंगळी पाहिली. वाकडीच होती.

“सर, हा माझा हात आहे!”

“तुझा हात दोन हजार वर्षांपूर्वीचा कसा असेल?”

नईमाही गोंधळली. “मग मी सहावीत कशी?”

“थांब! तुझे अब्बा लग्नाच्या मांडवांना भाड्यानं द्यायला प्लास्टर-गोणपाटाचे खांब करतात ना?” भाग्येशनं विचारलं.

“हो! नवा साचा केला, की बरकत म्हणून घरातल्या धाकट्याचा पंजा त्यात उमटवायचा, ही अब्बांची रीत. मी तेव्हा पाच वर्षांची होते. त्या साच्यातल्या प्रत्येक खांबावर माझा पंजा उठतो!”

“पुरावा?” सर गुरगुरले.

भाग्येशनं मोबाइल काढला. त्याच्या काकाच्या लग्नातला फोटो. तसाच खांब, तसाच पंजा, तीच वाकडी करंगळी. आणि खांबाला टेकून, दोन्ही हातांत जिलब्या धरून, डोळे मिटलेले नवनीत सर!

सरांनी फोटो मोठा करून पाहिला.

“ग्रीक… भाड्यानं मिळतात?” ते पुटपुटले.

नईमानं अब्बांना फोन लावला. दोन वर्षांपूर्वी घोडेबाजाराच्या मांडवात फुटलेले खांब त्यांच्या माणसांनी नदीकाठी टाकले होते. पुरानं ते मळ्यात आणून गाळात रोवले. “माझ्या वतीनं माफी माग भिकुआपांची. उद्याच उचलतो!” अब्बा म्हणाले.

साडेतीन! सरांनी स्वतः दोरी सोडली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिलं टरबूज खांद्यावर घेतलं. चार वाजता टेम्पो आला, तेव्हा शेवटचा ढीग बांधावर पोचला होता.

“इतिहास मी शिकवतो, पण आज डोळे तुम्ही उघडे ठेवलेत. शाबास!” सर म्हणाले.

भिकुबाईंनी सर्वांत मोठं टरबूज फोडलं आणि पहिली फोड नईमाच्या वाकड्या करंगळीच्या हातावर ठेवली.

“मंग मास्तर, ते ग्रीसवाला आते येवाव नहीत ना?”

“नाही मावशी.”

“बरं व्हयनं. त्यास्लेबी एकेक फोड देनी पडती!”