दर सात आठवड्यांनी

माणसाच्या आयुष्यात काही निर्णय असे असतात, की ते घेताना काळ क्षणभर श्वास रोखून उभा राहतो. तिने तसा निर्णय घेतला त्या दुपारी काळ नेहमीच्या गतीने चालला होता. उभी राहिली होती ती लिफ्ट. तिला जायचं होतं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुसऱ्याच्या पुढे जायला तयार नव्हती. आत एक चिठ्ठी चिकटवलेली होती – 'तिसऱ्या मजल्यासाठी कृपया जिना वापरावा.' चिठ्ठी पिवळी पडली होती. म्हणजे धोरण जुनं होतं.

ती दुसऱ्या मजल्यावर उतरली. समोर त्वचारोगाच्या एका दवाखान्याची पाटी, पाटीखाली बाकडं, आणि बाकड्यावर पांढऱ्या कोटातला एक माणूस जाड काळे गॉगल मऊ फडक्याने पुसत बसला होता. पुसायचा, उजेडात धरायचा, नापसंतीने मान हलवायचा, पुन्हा पुसायचा.

"जिना कुठेय हो?"

हे तिने तोंडाने विचारलं आणि हातांनीही. तिचा इलाज नव्हता. ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. कोर्टात, इस्पितळात, कॉलेजात जे बोललं जायचं ते ती ऐकू न येणाऱ्यांना हातांनी सांगायची. त्यामुळे समोरच्याला ठणठणीत ऐकू येत असलं तरी तिचे हात गप्प बसत नसत.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तो डाव्या हाताकडे पाहत होता.

"पूल आहे?"

"अर्धा."

"उरलेला?"

"दुसऱ्याच्या हातावर."

"अच्छा," तो म्हणाला. आणि त्याने आणखी काही विचारलं नाही. गेल्या तीन वर्षांत इथेच थांबलेला, पुढे विचारत न सुटलेला असा तिला भेटलेला हा पहिलाच माणूस.

त्याने न विचारलेली हकीकत अशी. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत, हाताच्या पाठीवर, निळ्या-काळ्या शाईचा एक पूल होता. तीन खांब, वर कमानी, आणि पेरांपाशी येऊन तो संपत होता. पुढचे तीन खांब एका तरुणाच्या उजव्या हातावर होते. दोघांनी हात हातात घेतले की वाहतूक सुरू. पुढे तो तरुण दुसऱ्या शहरात गेला, आणि त्याने आपल्या वाटणीच्या खांबांवर एक जहाज गोंदवून घेतलं. तिच्याकडचा पूल तसाच राहिला. आई पहिल्यांदा पाहून म्हणाली होती, "अर्धाच का गं? कंत्राटदार पळाला वाटतं." आईला तेव्हा माहीत नव्हतं की तिचा अंदाज इतका बरोबर निघेल.

हेही चाललं असतं. पण एका वृत्तवाहिनीने तिला महिनाभर बातम्यांच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभं करून पाहिलं. काम सगळ्यांना आवडलं. फक्त एका ऐकू न येणाऱ्या आजोबांचं पत्र आलं – 'बाई छान सांगतात. पण बातम्या चालू असताना आमचं सगळं लक्ष त्या पुलाकडे असतं. तो पूर्ण कधी होणार?' मेकअप थापून पाहिला. हवामानाचा अंदाज येईपर्यंत तो उतरायचा आणि खांब वर यायचे. वाहिनीवाले म्हणाले, कायमची जागा दीड वर्षाने निघेल, तोवर हात कोरा करून या. तिला ती जागा हवी होती. आयुष्यात एवढं सरळसोट तिला दुसरं काही हवं नव्हतं. निदान लिफ्टमधून उतरेपर्यंत.

"वरती निघालात?" त्याने विचारलं. "गोंदण काढणाऱ्या पाच सिटिंगवाल्यांकडे?"

"हो. दोन-दोन आठवड्यांनी पाच. तुमच्याकडे किती?"

"दहा. दर सात आठवड्यांनी."

"सात आठवडे! आणि मधल्या वेळात तुम्ही काय करता?"

"आम्ही काही करत नाही. तुम्ही करता." त्याने गॉगल पुन्हा उजेडात धरला. "लेझर शाईचा फक्त चुरा करतो. तो चुरा उचलून न्यायचं काम तुमच्या शरीराचं. त्याला वेळ लागतो."

"म्हणजे माझं शरीर आळशी?"

"सगळ्यांचंच असतं. मागे लागलं, जोर वाढवला, की रुसतं. मग पांढरे डाग सोडून जातं."

"गिऱ्हाईक असंच पळवता वाटतं तुम्ही?"

"छे. जिना तिकडे आहे." आणि त्याने खरंच बोट दाखवलं.

ती वर गेली. वर सुगंध होता, काचेतून झुळझुळणारं पाणी होतं आणि एक मुलगी होती, जी हाताकडे न बघताच म्हणाली, "अजिबात दुखणार नाही." दहा मिनिटांनी ती खाली आली तेव्हा तो दुसऱ्या गॉगलवर होता.

"सापडला जिना?"

"सापडला. खाली उतरायलाही तोच आहे." ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. "दुखतं का हो?"

"दुखतं," तो म्हणाला.

आणि तिने निर्णय घेतला.

जगभरच्या प्रेमकथांत नजरानजर होते. इथे ती होण्याची सोय नव्हती. खोलीचं दार बंद झालं, की दोघांच्याही डोळ्यांवर ते जाड गॉगल. तिला तो म्हणजे एक हिरवट अंधार आणि त्यातून येणारा आवाज. "आता थोडं लागेल हं." मग थंडगार हवेची नळी, टक्... टक्... टक्..., ताणलेलं रबर कातडीवर सोडावं तसा एकेक चटका, जळक्या केसांचा वास. शाईच्या रेघेवर खडूसारखा पांढरा फेस यायचा आणि काही मिनिटांत विरायचा. त्याचे हात ती ओळखायची ते हातमोज्यांतूनच.

"तुम्ही 'थोडं लागेल' हे मला सांगता की पुलाला?" तिसऱ्या वेळी तिने विचारलं.

"दोघांना."

"कुणाला जास्त काळजीने?"

"...हात हलवू नका."

"मी बोलतेय."

"तेच. तुम्ही बोललात की हात हलतो."

ही अडचण खरी होती. आयुष्यात प्रथमच तिला हात बांधल्यासारखा ठेवून बोलावं लागत होतं, आणि तशात बोललेलं सगळं तिला जास्तच खरं वाटायचं. पहिल्या वेळी ती हवापाण्याबद्दल बोलली. दुसऱ्या वेळी कोर्टातल्या एका साक्षीदाराबद्दल, जो खुणांच्या भाषेतही खोटं बोलत होता. चौथ्या वेळी त्या जहाजवाल्याबद्दल.

"जहाज कुठल्या रंगाचं?" त्याने विचारलं.

"हिरवं. का?"

"हिरवा सहजी जात नाही," तो म्हणाला. हिरवट अंधारात तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजात समाधान होतं. धंद्याच्या नियमांत न बसणारं.

मधले सात आठवडे ती उन्हात जाताना हाताला मलम लावायची, हातमोजा घालायची आणि दिवस मोजायची. पूल पुसट होत गेला. कमानी आधी गेल्या, मग कठडे. आई म्हणाली, "बरं झालं. आता मजेत असायला हवीस, तर तोंड का असं?" ती म्हणाली, "पाचच सिटिंग उरल्यात." आईने हे वाक्य दोनदा मनात फिरवून पाहिलं आणि मग ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

सहाव्या सिटिंगला ते घडलं. टक्... टक्... टक्... आणि मग तिसऱ्या खांबावर, जिथे आत्ताच चटका बसला होता, तिथेच पुन्हा एक. ती कळवळली. आवाज थांबला. खोलीत नळीची हवा तेवढी सूं सूं करत राहिली.

"एकाच जागी दोनदा मारलं मी," तो म्हणाला. "चूक माझी."

फोड आला. त्याने रोज फोन करून विचारलं. फार औपचारिक आवाजात, हवामान खात्यातून बोलतोय अशा. तीन आठवड्यांनी फोड पूर्ण बरा झाला. दाखवायला ती दवाखान्यात गेली तेव्हा त्याने हात लांबूनच पाहिला आणि तिच्यापुढे एक पाकीट ठेवलं.

"पुढच्या वेळेपासून या पत्त्यावर जा. तिथल्या बाई चांगल्या आहेत. मशीन हेच, अंतरही सात आठवड्यांचंच. तुमची तारीख चुकणार नाही."

"का?"

"बरं पडेल."

"कुणाला?"

त्याने गॉगल उचलले आणि पुसायला घेतले. ते स्वच्छ होते.

त्या रात्री ती जेवली नाही. आई म्हणाली, "अगं, दवाखानाच बदललाय ना? दाताचा डॉक्टर बदलला तेव्हा तर दोनदा वाढून घेतलंस."

"दाताचं वेगळं."

"हो बाई, वेगळंच. दातवाला पासष्ट वर्षांचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तक्रार करायला गेली. दवाखाना ज्यांचा, त्या डॉक्टरीणबाई कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधत होत्या.

"तुमच्या लेझरवाल्याने मला हाकललं."

"त्याने?" बाई म्हणाल्या. "अगं, तो भिंतीवरच्या पालीलाही हाकलत नाही, खिडकी उघडून बाजूला उभा राहतो. बस."

त्यांनी कपाटातून तिची फाइल काढली. कपाळावरचा चष्मा हाताला लागला तेव्हा त्यांना आनंद झाला. मग सहाव्या सिटिंगच्या पानावर बोट ठेवून त्यांनी फाइल तिच्याकडे फिरवली. सुवाच्य, तिरकं अक्षर: 'तिसऱ्या खांबावर एकाच जागी दोन मारे. ऑपरेटरचं लक्ष विचलित. कारण – वैयक्तिक.'

"बारा वर्षांत याच्या हातून केसभर इकडचं तिकडे झालं नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का रे? नाही म्हणाला. पोट बिघडलंय का? नाही. मग म्हटलं, आता पुढचं विचारायचं आपलं वय नाही. तोच म्हणाला, यांना दुसरीकडे पाठवूया, माझा भरवसा नाही. तुझ्या हाताची नोकरी आहे, हे तो माझ्यापेक्षा जास्त घोकत असतो."

"मग मला सांगायचं ना तसं!"

"कसं सांगेल? पेशंटशी चहासुद्धा प्यायचा नाही, हा माझा नियम आहे. याच्याआधीच्या मुलाने एका पेशंटशी लग्न केलं. त्या बाईच्या खांद्यावर अजून अर्धा सिंह आहे. घरच्या माणसाचं काम कोण वेळेवर करतं?"

बाहेर बाकड्यावर तो बसला होता. तिला पाहून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"फाइल वाचली मी."

"ती... गोपनीय असते."

"माझीच आहे ना?"

"हो, तेही आहे."

"वैयक्तिक म्हणजे काय?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरचं पाणी झुळझुळत होतं.

"तुम्ही दुखलं की श्वास धरता," तो म्हणाला. "मग मी हळू करतो. त्या दिवशी तुम्ही धरला नाहीत. म्हटलं काय झालं, म्हणून हाताऐवजी चेहऱ्याकडे पाहिलं. तर तुम्ही... हसत होतात."

"चटके बसताना?"

"चटके बसताना. मग मी कुठल्या खांबावर होतो ते विसरलो." तो थांबला. "का हसत होतात, हे विचारायचं राहून गेलंय. तीन आठवडे झाले. झोप नीट लागत नाही."

"तुम्ही 'थोडं लागेल हं' म्हणालात, त्याला हसले," ती म्हणाली. "तुमच्यासारखं ते कुणी म्हणत नाही. मला वाटलं – हे आता चारदाच ऐकायला मिळणार. आणि हसू आलं. म्हणजे खरं तर रडू येत होतं, पण गॉगलमध्ये रडायची पंचाईत."

हे सगळं बोलताना तिचे हात मांडीवर निमूट पडून होते. तिच्या ते लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

"आणि तुम्ही मला पाकीट दिलंत," ती म्हणाली.

"चहा विचारायचा तर पेशंट नको होता."

"मग मी आता कोण?"

"काल संध्याकाळी पाच वाजता तुमची फाइल बंद झाली."

"आणि आत्ता अकरा वाजलेत! एवढा वेळ काय करत होतात?"

"धीर गोळा करत होतो," तो म्हणाला. "अजून पुरेसा झालेला नाही. पण... चहा घेणार? म्हणजे, तुम्हाला... तुला वेळ असेल तर."

तिने डावा हात पुढे केला. त्याने तो घेतला, प्रथमच, हातमोज्यांशिवाय. फोडाच्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती, त्यावरून त्याने अंगठा अगदी हलकेच फिरवला आणि सवयीने विचारलं, "लागतंय?"

"थोडं," ती म्हणाली. खोटंच.

उरलेल्या चार सिटिंग दुसऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी केल्या. त्या फार कुशल होत्या आणि एक अक्षर बोलत नसत. हात वेळेत कोरा झाला. वाहिनीवाल्यांनी तिला ती जागा दिली, आणि आता लोक बातम्या बघतात.

पण ते सगळं पुढचं. त्या सकाळपर्यंत ती दोघं नऊ महिन्यांत मोजून नऊ वेळा भेटली होती. त्या दिवसापासून रोज भेटू लागली. बाराव्या दिवशी त्यांचं पहिलं भांडण झालं. पंखा दोनवर ठेवायचा की चारवर, यावरून.