पाण्याच्या चिठ्ठ्या

पुंडलिकनगरात नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, आणि जिन्यातून हाका मारणं देवेशला गावठी वाटायचं. त्याच्या घरातलं नेटवर्क जन्माला आलं ते या दोन गोष्टींमुळं.

खालच्या मजल्यावर वडील, वैजनाथअण्णा. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. वर देवेश, कॉलेजात संगणक शिकवणारा. मध्ये सतरा पायऱ्या. देवेशनं अण्णांच्या जुन्या संगणकावर 'पाणी' नावाचं सामायिक फोल्डर करून दिलं. पाणी आलं की अण्णांनी एका बोटानं चिठ्ठी टाइप करून तिथं ठेवायची, देवेशनं वरून त्याच चिठ्ठीत उत्तर लिहायचं, आणि खाली जाऊन मोटार लावायची.

अण्णा लिहायचे, 'पाणी आलं. ये.' देवेश लिहायचा, 'आलो. पाच मिनिटं.' तो यायचा नाही. मग मोटार अण्णाच लावायचे आणि खोलीत जाऊन दाराला कडी घालायचे. ते दार बिजागरीतून ढळलेलं होतं. किंचित उचलल्याशिवाय कडी बसायची नाही. ते कसब अण्णांचंच. बाकीचे दार उघडं टाकून यायचे.

बारा मेला अण्णा गेले. 'झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही,' हे देवेशनं इतक्या जणांना सांगितलं, की ते त्यालाही पटत आलं होतं. त्या दिवशीच्या चिठ्ठीला त्यानं उत्तर आधी लिहिलं होतं आणि ती वाचली होती दुसऱ्या दिवशी. ती पुसायला हात धजला नाही, म्हणून तेराव्यानंतर त्यानं आख्खा संगणकच कचरू भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवला.

श्रावण लागला तरी आभाळ कोरडं. जायकवाडी धरण मृतसाठ्यात गेलं, नळ आठव्या दिवसावर गेला. शहर मात्र वाढतच होतं. टँकरवर जगणाऱ्या नव्या इमारतींना 'सरिता', 'निर्झर' अशी नावं पडत होती. अशाच एका निर्झरासाठी बिल्डरला देवेशचं घर पाडायचं होतं. बहिणीची सही तेवढी बाकी होती. मनस्विनी दुपारच्या एसटीनं गंगापूरहून आली.

"सही करते की," ती चहा फुंकत म्हणाली. "पण आधी अण्णांच्या चिठ्ठ्या बघू दे. शेवटचं काय लिहिलं, तेवढं तरी वाचते."

"तो कॉम्प्युटर भंगारात गेला, मनू. फोल्डर त्याच्यातच होतं."

"लई घाई केलीस रे दादा. अण्णांची काठी तरी ठेवलीस, का तीही कचरूला?" तिनं टेबलावरचा देवेशचा लॅपटॉप उघडला. "मग हे काय दिसतंय?"

घरच्या नेटवर्कच्या यादीत नाव होतं: वैजनाथ. त्याखाली: पाणी.

"जुनं नाव राहतं कधीकधी," देवेश वर्गातल्या आवाजात म्हणाला.

मनस्विनीनं नावावर टिचकी मारली. नुसतं मागं उरलेलं नाव पासवर्ड विचारत नाही. यानं विचारला.

"काय रे पासवर्ड?"

"मला काय माहीत?"

तो त्यानंच ठेवला होता. आईचं नाव, अनसूया, आणि तिच्या जाण्याचं साल.

"आईचं नाव घालून बघते," मनस्विनी म्हणाली.

देवेश उठला. आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, तो तिथल्या आपल्या संगणकावरून त्या फोल्डरात शिरला. फाइली तारखांनी लावलेल्या होत्या. शेवटची बारा मे असायला हवी होती. तिच्याखाली सतरा मे होती. मग बावीस. सत्तावीस. जुलैपासून आठ-आठ दिवसांचं अंतर, नळाबरहुकूम. शेवटची आजची.

त्यानं मधलीच एक उघडली. 'पाणी आलं. ये.' आणि खाली, 'आलो. पाच मिनिटं.'

ते त्यानं लिहिलेलं नव्हतं.

त्यानं बारा मे निवडली आणि पुसायला गेला. पुसेना. 'ही फाइल वैजनाथ यांनी उघडून ठेवली आहे.' राउटरमधून खाली जाणारी वायर त्यानं उपटली. पुन्हा तेच वाक्य.

सतरा पायऱ्या तो पहिल्यांदाच एका दमात उतरला.

खोली रिकामी. टेबलावरच्या धुळीत संगणकाएवढा चौकोन. वायरचं टोक फरशीवर पडलेलं. बाहेर नळ फुसफुसत होता, पाणी येण्याआधी फुसफुसतो तसा.

"दादा, उघडलं!" वरून मनस्विनीचा आवाज आला. "बारा मे सापडली. 'छातीत कळ येतीय. मोटार राहू दे. तू ये.'"

ती पुढं वाचू लागली.

"खाली तू लिहिलंयस, 'आलो. पाच मिनिटं.'"

देवेशनं फरशीवरचं वायरचं टोक उचललं.

"झोपेत गेले म्हणालास ना रे?"

नळाला पाणी आलं. बादली कुणीच लावलेली नव्हती.

"दादा, थांब. इथं कुणीतरी लिहितंय. आत्ता. एकेक अक्षर."

साध्या फाइलीत असं दिसत नाही. देवेश ते दरवर्षी शिकवायचा.

"काय लिहितंय?" त्यानं विचारलं. आवाज वर पोचला नसावा.

"'देवेश आला.'"

पाणी वाहत होतं.

"'दार लावून घेतो.'"

त्याच्या पाठीमागं दार किंचित उचललं गेलं.