कानाजवळची पट्टी

फोन हातातून निसटून जिन्यावरून घरंगळला, तेव्हा मी त्याच्यामागे धावले नाही. पडणारी वस्तू धावून हाती लागत नाही, एवढं विज्ञान मला येतं. तो खालच्या पायरीवर जाऊन पालथा पडला. वर येणाऱ्या एका माणसाने तो उचलला.

"स्क्रीन गेली," तो म्हणाला. "आणि बॅटरी फुगलीय. आज पडला नसता तरी चार दिवसांत तिनेच स्क्रीन ढकलून दिली असती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाली दुकान आहे माझं. फोन दुरुस्त करतो. आत्ता रक्त तपासायला चाललोय वर..." तो जरा थांबला. "सुईची भीती वाटते. म्हणून वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसलोय."

"चला मग," मी म्हणाले. "वर रक्त घेणारी मीच आहे."

त्याने मान भिंतीकडे वळवली, डोळे घट्ट मिटले. मी कापूस लावून हात कोपरात दुमडायला सांगितला, तरी त्याचे डोळे मिटलेलेच.

"घेतलं का?"

"कधीच."

"बरा हात आहे तुमचा," तो भिंतीलाच म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या दुकानात फिट्टंफाट झाली. सकाळी मी त्याला सुई टोचली होती, आता तो माझा फोन उघडत होता.

त्याने फोन गरम तव्यासारख्या एका पत्र्यावर ठेवला. कडेचा गोंद मऊ झाल्यावर प्लॅस्टिकची पातळ पाती फटीत सरकवली आणि ती सावकाश चारी बाजूंनी फिरवली. घाई नाही. स्क्रू ज्या जागेवरून निघाले, त्याच क्रमाने चुंबकाच्या पाटीवर बसले. आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मग बॅटरी खालून हळूहळू उचलली. त्या वेळी त्याचा श्वास थांबला होता. माझाही, हे जरा उशिरा माझ्या लक्षात आलं.

त्याच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. मी सवयीने डोळा लावला. भिंगाला त्याच्या डोळ्याची ऊब होती. दोन्ही नळ्यांमधलं अंतर चुकलेलं होतं, ते मी नीट केलं.

"आता बघा."

त्याने पाहिलं. "अरेच्चा. दोन्ही डोळ्यांना दिसतंय."

"इतके दिवस?"

"मला वाटायचं, एक डोळा मिटूनच बघायचं असतं."

मग त्याने जुनी स्क्रीन माझ्यासाठी भिंगाखाली ठेवली. मागच्या बाजूला, वरच्या कडेला, नखाएवढी एक पट्टी चिकटलेली होती आणि तिच्यावर काळा ठिपका.

"ही कान ओळखते," तो म्हणाला. "फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करते. नाहीतर गालानेच बटणं दाबली जायची."

"कान आणि भिंत यांतला फरक कळतो तिला?"

"नाही. कोणीतरी जवळ आलंय, एवढंच कळतं."

"तेवढं पुष्कळ झालं."

"हो ना. काही माणसांना तेवढंही कळत नाही."

"हे कोणाला उद्देशून?"

"भिंतीला," तो म्हणाला आणि नवी स्क्रीन बसवू लागला.

मी बराच वेळ ती पट्टी बघत राहिले.

त्यानंतर प्रयोगशाळा बंद झाली की मी खाली थांबू लागले. एरवी काही कळवायचं असलं की आम्ही मेसेज लिहायचो. त्याच्या फोनमध्ये माझं नाव 'रक्तवाल्या मॅडम' होतं. फोनवर बोलणं फक्त आईशी व्हायचं, आणि तिची तक्रार सुरू झाली होती.

"तू मध्येच गप्प का होतेस गं?"

"रेंज जात असेल, आई."

"मोठी शहाणी आहे तुझी रेंज. लग्नाचा विषय निघाला की बरोबर जाते."

एका संध्याकाळी तो दुकान बंद करून लवकर गेला आणि त्याचा फोन आला. पहिलाच.

"समोर बोलता येत नाही. तुम्ही सुई हातात असल्यासारख्या बघता," तो म्हणाला. "दूरच्या शहरातून नोकरी आलीय. मोठं दुरुस्ती केंद्र आहे. उद्या सकाळी त्यांना उत्तर द्यायचंय. जाऊ... की थांबू? तुम्ही सांगाल तसं."

मी सांगितलं. मी सावकाश बोलते, क्रमाने बोलते. म्हटलं, कोणाला अडवायचा मला अधिकार नाही. पण जिना उतरताना पाय तुमच्या दुकानाकडे वळतात. याचं दुसरं काही कारण असेल का, तेही शोधून पाहिलं... सापडलं नाही. तेव्हा, थांबा.

मग तो म्हणाला, "बरं... कळलं मला. राहू द्या." आणि फोन बंद.

मी हे सगळं बोलल्यावर 'राहू द्या'. आयुष्यात एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. मी भांडी घासली. मग आईला फोन लावला.

"परत गप्प," आई करवादली. "ठेवते मी."

मी फोन कानापासून दूर केला. स्क्रीन लखलखीत चालू होती, आणि माझा आवाज बंद करायचं बटण गालाने दाबलं गेलं होतं. कानाला लावलेल्या फोनची स्क्रीन काय करते, हे फोन धरणाऱ्याला कधीच दिसत नाही.

सकाळी प्रयोगशाळेत मैत्रिणीचा फोन घेतला. आईला लावला आणि वरच्या कडेवर तळहात धरला. स्क्रीन विझली. माझ्या फोनवर तेच केलं. विझली नाही. मी ॲप्रन न काढताच जिना उतरले.

तो टेबलाशी बसून फोनवर काहीतरी लिहीत होता. वर पाहिलं नाही.

"त्यांना कळवलंत?"

"कळवतोय."

"नका. माझी तक्रार आहे. आधी हा उघडा."

त्याने तवा तापवला, पाती फिरवली. स्क्रीन उचलून मागे पाहिलं, आणि त्याचे हात थांबले. मग भंगाराच्या डब्यात हात घालून त्याने माझी जुनी स्क्रीन काढली. पट्टी तिथेच होती, जिथे मी ती बघत बसले होते.

"ही काढून नवीवर लावायची राहिली," तो हळूच म्हणाला. "असं कधी होत नाही माझ्याकडून. म्हणजे काल तुम्ही... बोलत होतात?"

"बराच वेळ."

"काय?"

"आधी काम पूर्ण करा."

त्याने चिमट्याने पट्टी जुन्या स्क्रीनवरून सोडवली. पट्टी बसली. गोंद लावण्याआधी त्याने स्क्रीन रबराने नुसती बांधली आणि फोन माझ्या हातात दिला.

"तपासून बघावं लागेल," म्हणत तो स्वतःचा फोन घेऊन रस्त्यापलीकडे गेला. माझा फोन वाजला. मी कानाला लावला. काचेतून तो मला निरखून बघत होता.

"स्क्रीन विझली," त्याचा आवाज आला. "आता सांग. जाऊ की थांबू?"

कालचं सगळं मला क्रमाने पाठ होतं. ते लागलं नाही.

"थांब," मी म्हणाले.

मोटारी जाऊ देऊन तो रस्ता ओलांडून आला. फोन अजून कानालाच होता. मग त्याने कडेला गोंद लावला आणि चिमटे बसवले. सुकेपर्यंत दाबून ठेवावं लागतं. मी त्याच्या फोनवरून आईला फोन केला.

"हा कोणाचा नंबर?" आई म्हणाली. "पण आवाज नीट येतोय हं तुझा. आज रेंज..."

तेवढ्यात त्याने टेबलाखाली माझा हात हातात घेतला. डोळे मिटले नाहीत, भिंतीकडेही पाहिलं नाही.

"हॅलो? झालीस ना परत गप्प?" आई म्हणत होती.

या वेळी तिचं बरोबर होतं.