खिडकीजवळची खुर्ची

खिडकीजवळ खुर्ची नाही. तिच्या शेजारची कुंडी कुणीतरी उचलून अलगद बाजूला ठेवलीय.

*

बाहेरच्या बाकाशी एक लहानसं यंत्र आहे. ते सतत घरघरत असतं, म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही. त्याचा प्लग आज पुन्हा निघालेला.

*

बंद दारामागे एक बाई रिकाम्या खुर्चीशी बोलते. मध्येच खळखळून हसते.

*

समुपदेशन शिकत असताना मॅडमना त्यांच्या सरांनी वर्षभर दोनच कामं दिली होती. एक दिवस काचेपलीकडच्या जोडप्याला नुसतं पाहायचं, आवाज बंद. दुसऱ्या दिवशी नुसतं ऐकायचं, पडदा ओढलेला. "ऐकणाऱ्याच्या चुका वेगळ्या, पाहणाऱ्याच्या वेगळ्या," सर म्हणायचे.

*

"मॅडम, असाल तशा या. चोरी झालीय!"

फोन मावशींचा. मावशी बाहेरचं टेबल सांभाळतात. मॅडम आतली खोली. मोडत आलेले संसार त्यांच्याकडे येतात.

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा दार?" मॅडमनी आल्याआल्या विचारलं.

"नुसतं ओढून घेतलेलं. खुर्च्यांना काय पाय फुटतात?"

"कुणी पाहिलं नाही?"

"भरदुपारी खांद्यावर खुर्ची घेऊन जाणाऱ्याला चोर कोण म्हणेल? हमाल म्हणतील."

"गेली कोणती?"

"नवी, करडी. काल गालिचा धुतला ना, तेव्हा मीच ती खिडकीशी लावली. तुमची ती हात निखळलेली हिरवी कोपऱ्यात सारली. चोर शहाणा हो. भंगार ठेवलं, माल नेला."

मॅडमनी मागे वळून पाहिलं. दाराशीच तशाच दोन नव्या करड्या खुर्च्या होत्या. चोर त्या ओलांडून पार खिडकीपर्यंत गेला होता.

"प्लग कोण काढतं, मावशी?"

"बाकावर बसतो त्याला विचारा. ज्याचा मोबाइल मेला तो काढतो."

मॅडमनी बाहेर जाऊन प्लग पुन्हा खोचला.

हिरवी खुर्ची एकच बाई वापरायची. ती त्या खुर्चीत नवऱ्याला बसवायची, म्हणजे तो बसलाय असं धरून त्याच्याशी बोलायची. घरी जे तोंडातून निघत नाही ते इथे काढायचं, अशी ही पद्धत. नवरा तोवर बाहेर. मग दोघं मिळून शेजारच्या खोलीत.

आज ती निर्णय सांगणार होती. राहायचं, की वेगळं व्हायचं.

*

दोघं आले. शेजारच्या खोलीत बसले. मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढं अंतर.

"आधी एक चोरी," मॅडम म्हणाल्या. "चोराला खिडकीजवळचीच खुर्ची हवी होती. पण जी हवी होती, ती काल कोपऱ्यात गेली होती. हिरवी. जो ती एकदा जरी पाहील, तो चुकणार नाही. म्हणजे मी नाही, मावशी नाहीत, आणि ताई, तुम्हीही नाही. चोरानं ती कधी पाहिलीच नव्हती. ऐकली होती. 'खिडकीजवळ बस' हे तुमचे शब्द बंद दारातून ऐकले होते. घरघर बंद असताना."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"पहिल्यांदा खरंच मोबाइल लावायचा होता," तो म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर ती हसली. माझ्या घोरण्यावरून. तीन वर्षांत ती घरी हसली नाहीये, मॅडम. मला वाटलं, खुर्चीचीच काही तरी जादू असेल. नेली. जेवणाच्या टेबलाशी ठेवली आणि तिच्यात बसून राहिलो. म्हटलं, आता बोलेल."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "मघाशी घरी ती खुर्ची… मला वाटलं, विकत आणलीस."

"तू म्हणालीस, वाटेत कशाला ठेवलीस."

"हिरवी असती तर मी ओळखली असती रे." "तिथल्या तिथे सगळं कळलं असतं मला."

तिनं मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"किती दिवस ऐकत होतास?"

"पहिल्यापासून."

"आई गेली तेव्हा तू एकदाही जवळ बसला नाहीस, ते ऐकलंस?"

"हो."

"अजून तुझीच वाट बघते, असं म्हणाले, ते?"

"हो."

"मग दार का नाही उघडलंस?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

ती उठली. पर्स घेतली. "मी आज राहायचं ठरवून आले होते, मॅडम," ती म्हणाली, आणि एकटीच जिना उतरून गेली.

*

पहिल्या भेटीला आले, तेव्हा मावशींनी दिलेलं पाणी दोघं एकाच ग्लासातून प्यायले होते.