दिवसभर हातांनी काय करता?

डॉक्टर संघमित्राने ओपीडीत शिरल्या शिरल्या छत्री झटकली, आणि टेबलाखालून आवाज आला, “अहो, खाली माणूस आहे!”

ती दचकून मागे सरली. टेबलाखालून आधी एक वायर आली, मग ओला चष्मा, आणि मग तो शर्टाच्या बाहीला पुसणारा एक सावळा, हसरा तरुण.

“सॉरी हं... पण तिथे करताय काय?”

“तुमच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्ता जोडतोय. मी शिवदास. इथलाच, वेसाव्याचा.”

“शिवदास? एवढं जुनं नाव?”

“आजोबांचं. वापरलेलं आहे, पण टिकाऊ निघालं.”

संघमित्रा हसली. अंधेरीच्या त्या इस्पितळात सकाळी सकाळी हसू येण्याची तिला सवय नव्हती.

पेशंटची माहिती भरली की शिवदासचा प्रोग्राम पडद्यावर संभाव्य आजारांची नावं आणि उपाय दाखवायचा. निर्णय मात्र डॉक्टरचाच. दर्शना सिस्टरने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं – सासूबाई. “न विचारता सल्ला देतात ना!”

मग रोज दुपारी शिवदास डोकावायचा. “आज सासूबाई कशा वागल्या?”

“तापखोकल्याला बऱ्या आहेत. पण पेशंटच्या तोंडाकडे एकदाही बघत नाहीत.”

“तोंडाकडे बघायला तुम्ही आहात ना,” तो म्हणायचा, आणि स्वतःच तिच्या तोंडाकडे बघत राहायचा... मग भानावर येऊन टेबलाखालची वायर आवळायचा. ती आधीच घट्ट असायची. दर्शना सिस्टर गालातल्या गालात हसायची.

आषाढातल्या एका दुपारी तो आईला घेऊन आला. चंपाबाईंचं उजव्या हाताचं मधलं बोट सुजून टम्म झालं होतं. त्या दिवशी शिवदासने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई, आपला प्रोग्राम आणि ही डॉक्टर – तिघं एका खोलीत!

बाहेर काउंटरवर भरलेली माहिती पडद्यावर आली आणि चंपाबाई खुर्चीत टेकायच्या आत उत्तरही आलं : सांध्याला सूज, स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावं.

“बघ आई, किती झटपट!” शिवदास म्हणाला. सिस्टरने ट्रेमध्ये सिरिंज भरून ठेवली.

संघमित्राने तो हात हातात घेतला. बोटांवर बारीक बारीक जुने व्रण होते. सुजेच्या वर, मनगटापाशी, एक लहानशी गाठ... तिच्या वर आणखी एक. पडद्यावर लिहिलं होतं, व्यवसाय : गृहिणी.

हे हात नुसते घरात राबलेले नव्हते. तिला लहानपणीचे, भांडुपमधले म्हातारे डॉक्टर आठवले. कानाला नळी लावण्याआधी ते पेशंटचा तळहात उलटासुलटा करून बघत आणि एकच प्रश्न विचारत. तो प्रश्न नकळत तिच्या ओठांवर आला.

“मावशी, दिवसभर हातांनी काय करता?”

“आता? आता काय नाय गो बाय. बोटी वर काढल्यात. नारळी पुनवेपर्यंत हात रिकामेच.”

“आणि बोटी असतात तेव्हा?”

“तवा मासली विकते ना बाजारात! मे महिन्यात शिंगाळ्याचा काटा गेला ना या बोटात. चांगला खोल!”

पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून काउंटरवर चंपाबाईंनी अगदी खरं सांगितलं होतं – घरीच असते. आणि तिथल्या माणसाने ‘गृहिणी’ लिहून टाकलं होतं.

“सिस्टर, इंजेक्शन राहू दे.”

संघमित्राने नवी माहिती भरली : मासळी विक्री, काट्याची जखम. पडद्यावरची नावं वरखाली झाली. आता सर्वांत वर होता पाण्यातून, माशांतून शिरणारा एक जंतू. परीक्षेपुरता कधीतरी वाचलेला, पार विसरलेला. खाली लाल अक्षरं होती, स्टिरॉइड देऊ नये. ते इंजेक्शन गेलं असतं तर आजार हातभर पसरला असता... कदाचित बोटही गेलं असतं.

“सुजेतला छोटासा तुकडा काढून तपासणीला पाठवू, मावशी. औषधं बरेच महिने घ्यावी लागतील. पण बोट वाचेल.”

शिवदासचा चेहरा पांढरा पडला होता. “मुलगा मी, प्रोग्रामही माझाच,” तो हळूच म्हणाला, “आणि आई कोळीण आहे हे दोघांनाही सांगता आलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा झाला. त्याच्याऐवजी धवल नावाचा कुणी यायचा, काम करायचा, जायचा. वायरकडे बघायचासुद्धा नाही. तपासणीत तोच जंतू निघाला. औषधं लागू पडली, सूज उतरू लागली. संघमित्राला मात्र दुपारी दाराकडे बघायची खोड जडली.

“मावशी... शिवदास कसे आहेत?” एकदा तिने विचारलंच.

“कसा असनार? दुसऱ्याला धाडा, म्हनतो. प्रोग्राम काढूनच टाका, म्हनतो. जेवताना मान वर करत नाय.”

“त्यांना सांगा, सासूबाईंना उत्तरं येतात, फक्त नीट प्रश्न विचारायला शिकवा. आणि...” ती अडखळली, “टेबलाखालची वायर सैल झालीय.”

चंपाबाईंनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि खुदकन हसल्या. “मला खोटं बोलाया लावतेस होय गो? बरं, सांगते. पन नारळी पुनवेला तू आमच्याकडं यायचं!”

आठवड्याभराने संघमित्राने पडदा उघडला, तर सगळ्यात आधी नवा प्रश्न – दिवसभर हातांनी काय करता? त्याच्याखाली आणखी एक ओळ – सध्या काम बंद असेल, तर हंगामात काय करता?

तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

नारळी पौर्णिमेला वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोटी पताकांनी सजल्या होत्या. चंपाबाईंनी बोट जपायला निळा रबरी हातमोजा घातलेला हात उंचावून तिला बोलावलं आणि नेमकं काम आठवून त्या घरात गेल्या. बोटीपाशी नुकताच नारळ फोडून शिवदास उभा होता.

“वायर बघायला आला नाहीत?”

“ती सैल होणारच नाही. मीच आवळायचो ना रोज.”

“घट्ट असताना?”

“तेवढाच वेळ... तुमच्या जवळ थांबता यायचं.” त्याने मान खाली घातली. “पण मी चुकलो, डॉक्टर.”

“त्या जंतूचं नाव मला आठवलं नसतं, आणि तो प्रश्न तुझ्या पडद्याला सुचला नसता. दोघं होतो म्हणून मावशींचं बोट वाचलं.”

“तुझ्या?” त्याने चटकन वर पाहिलं.

ती लाजली. पावसाची भुरभुर सुरू झाली होती, पण छत्री उघडायचं दोघांनाही सुचलं नाही.

“एक विचारू?” तो म्हणाला. “डॉक्टर संघमित्रा... दिवसभर हातांनी काय करता?”

“आज सुट्टी आहे,” ती म्हणाली आणि हात पुढे केला. “रिकामेच आहेत.”

शिवदासने नारळाच्या पाण्याने ओला झालेला आपला हात घाईघाईने शर्टाच्या बाहीला पुसला... आणि तिचा हात धरला.