बावखलावरची तिसरी हाक

गिरीज गावात आमच्या घरामागे केळीची वाडी आहे आणि वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला जुन्या माणसांनी खणलेलं तळं. मी कॉलेजात गणित शिकवते. नवरा बोटीवर, नऊ-नऊ महिने घराबाहेर. कॅल्विनला, माझ्या मुलाला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. डेंग्यू. सतरा वर्षांचा होता.

एलिसा त्याच्याहून दोन-अडीच वर्षांनी लहान. भाऊ गेल्यावर ती पुस्तकांत घुसली. ड्रॅगन, जादूगार, मेलेल्यांची राज्यं. पहिल्या पानावर नकाशा असलेले जाडजूड इंग्रजी खंड. वाचतेय, रडत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. खरं सांगायचं तर तिच्याकडे बघायचं त्राणच माझ्यात उरलं नव्हतं.

तिची दहावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमधल्या एका दुपारी मी लवकर घरी आले, तर एलिसा आणि गोखिवऱ्याची तिची मैत्रीण संजना बावखलाच्या पायऱ्यांवर बसलेल्या. भोवती मिठाचं वर्तुळ. उन्हाने वाकलेल्या मेणबत्त्या. एलिसाचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

"काय चाललंय?"

संजना दचकून उठली. "काही नाही टीचर. बुकमधला गेम आहे."

"कसला गेम?"

"गेलेल्या माणसाला घरातल्या नावाने तीनदा हाक मारायची. ओ आली तर आपण बोलायचं नाही, असा रूल आहे. पण ही बोलली."

"म्हणजे ओ आली?"

संजना पायाने मिठाचं वर्तुळ पुसायला लागली. मी मेणबत्त्या पाण्यात भिरकावल्या, दोघींना वाट्टेल ते बोलले. एलिसा पाण्याकडेच बघत होती.

त्या रात्री तिने सुके बोंबील मागून घेतले. जन्मात कधी तोंडाला लावले नव्हते. तिसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने लिहिताना दिसली. कॅल्विन डावखुरा होता. केस धुऊन आली तरी केसांना शेवाळाचा वास यायचा. मी स्वतःला समजावलं, दुःखात माणूस गेलेल्याची नक्कल करतो. विरारच्या एका समुपदेशक बाईंची वेळही घेतली.

आठव्या दिवशी मी चपात्या लाटत होते. मागून ती म्हणाली, "मम्मा, मला त्या दिवशी खरंच ताप होता."

लाटणं हातातच राहिलं. त्या सोमवारी कॅल्विन म्हणाला होता, अंग तापलंय. कॉलेजात त्याची चाचणी परीक्षा होती. मी म्हटलं होतं, नाटकं पुरे, आणि त्याला घराबाहेर काढलं होतं. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये फादरपुढे पापं कबूल करतानाही, कुमसारातही, सांगितलं नव्हतं.

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच म्हणालीस ना, नाटकं पुरे." आवाज एलिसाचाच होता, त्यात राग नव्हता. "जाऊ दे मम्मा. मी रागावलो नाही."

रागावलो.

मी विरारची वेळ रद्द केली. दार लावून घेतलं आणि दीड वर्ष मनात साठलेलं सगळं विचारलं. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मी रोज बोंबील तळू लागले. "एलिसा" म्हटलं तर ते मूल वळून बघेनासं झालं. मग मीही ते नाव टाकलं.

पंधरा दिवसांनी संजना आली. फाटकाच्या आत पाऊल टाकेना.

"टीचर, तिला परत आणता येतं. लास्ट चॅप्टरमध्ये आहे. घरच्याने पाण्यावर जाऊन तिला घरातल्या नावाने तीनदा हाक मारायची. मी मारली, पण मी घरची नाही." ती रडायला लागली. "ती ओ देते, टीचर. मी ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी गेले. वाडीत पान हलत नव्हतं. शेवटची पायरी गार होती, इतकी की तळवा वर उचलावा लागला.

"लिसू," मी हाक मारली.

"मम्मा?"

अगदी जवळून. पायरीच्या खालूनच.

"लिसू."

"मम्मा, मी इथेच आहे. इकडे खूप गार आहे. लवकर मार ना तिसरी."

मी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात तो उभा होता, एलिसाच्या फ्रॉकमध्ये. त्याने मला थांबवलं नाही.

त्याच्या डोळ्यांत मला दिलेली माफी होती.

मी तोंड उघडलं.

तिसरी हाक मारली नाही.

घरी येऊन पानं वाढली. आम्ही दोघं जेवलो.

मे महिन्यात मी धाकट्या दिराला, मायकलला सांगितलं की बावखल बुजवून टाक. गावात सगळेच बुजवतात, कोणी कारण विचारत नाही. मातीचे ट्रक आले. तिसरा रिकामा होत असताना मायकलने एकदम हात वर केला, ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. वाकून बराच वेळ कान देऊन राहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुला काही ऐकू येतंय?"

"बेडूक असतील," मी म्हटलं. "टाकू दे माती."