तिन्ही अक्ष समान

कोंढ्याच्या मिठागरावर दंगल पेटली तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर मागवला नाही, गणित मागवलं. गणित म्हणजे मृणाल म्हात्रे, घनचित्रकार. ती व्हॅनमध्ये कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. समोर मिठाच्या मोठ्या राशीवर कोंढ्याचे कामगार जीव मुठीत धरून उभे होते आणि त्यांना वाशेरे गावच्या जमावानं घेरलं होतं. खाली पळताना सापडलेल्या दोघांना जमावानं कोयत्यांनी तोडलं होतं. पांढऱ्या मिठावर रक्ताचे पाट दिसत होते.

राशीवरच्या लोकांत मृणालचा धाकटा भाऊ विनेश होता.

"बाई, काढा काय काढायचं ते!" इन्स्पेक्टर धुमाळ ओरडले. तिच्या या यंत्राबद्दल त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं.

"घुमट काढतेय, साहेब. राशीभोवती अर्धा गोळा. रास आणि जमाव यांच्यामधली जमीन मोकळी आहे तोवरच काढता येईल. घुमटाच्या कडेवर माणूस नको."

"का? काय होतं?"

"घुमटाच्या पडद्याला जाडीच नसते. मध्ये येईल ते कापलं जातं."

एके काळी ही विद्या अगदी निरुपद्रवी होती. कॉलेजातली पोरं समीकरण लिहायची. लायब्ररी नावाचा तयार कोडांचा संग्रह त्यातून गोळा, घोड्याचं खोगीर, मेदूवडा असे आकार स्क्रीनवर काढून द्यायचा, आणि पोरं ते गरागरा फिरवत बसायची. पुढे कुणा शहाण्यानं समीकरणात बसेल तेवढी हवाच जागच्या जागी थिजवायची युक्ती शोधली. त्या थिजपडद्यातून गोळीही आरपार जात नाही. कोड मात्र तोच जुना राहिला, आपल्या खोडींसकट.

त्यातली एक खोड फार वाईट. चित्र कागदभर दिसावं म्हणून लायब्ररी प्रत्येक अक्ष दिलेल्या जागेत ताणून बसवते. जागा चौरस असेल तर गोळा गोळाच राहतो. जागा लांबट असेल तर त्याचा दुधी भोपळा होतो. हे टाळायला एक ओळ लिहावी लागते: तिन्ही अक्ष समान. शिकाऊ पोरं ती विसरतात आणि मृणालच्या शिव्या खातात.

जमावातून आरोळी उठली. पुढची रांग कोयते उगारून धावायच्या बेतात होती. मृणालनं घाई केली. तिनं समीकरण लिहिलं, जागा म्हणून अख्खं मिठागर दिलं आणि बटण दाबलं. ती ओळ राहून गेली.

मिठागर खाडीच्या कडेनं लांबच लांब पसरलेलं. घुमट दोन्ही टोकांना ताणला गेला आणि त्याची कड दाटीवाटीनं उभ्या असलेल्या जमावातून गेली. फार आवाज झाला नाही. माणसं उभ्या उभ्या दोन झाली. एकाचा कोयता धरलेला हात आत पडला आणि तो स्वतः बाहेर उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. मग बाहेरचे किंचाळत सैरावैरा पळाले.

काही जण मात्र धडधाकट घुमटाच्या आत राहिले. ते पडद्यावर मुठी आपटत असताना राशीवरून कोंढ्याचे कामगार खाली उतरले. त्यांनी पडलेले कोयते उचलले.

"पडदा काढा! मारून टाकतील!" धुमाळ ओरडले.

थिजलेली हवा मोकळी व्हायला वेळ लागतो. पोलीस बाहेरून बघत राहिले. पडदा विरला तेव्हा आत वाशेऱ्याचं कुणी जिवंत नव्हतं.

विनेश व्हॅनपाशी आला. त्याचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. मृणालनं खाली उतरून त्याला घट्ट कवटाळलं आणि ती ढसाढसा रडली. "चुकले रे, विनू. एक ओळ राहिली माझी. अक्ष ताणला गेला. मी मारली ती माणसं."

विनेशनं तिचं रडणं थांबू दिलं.

"ताई, हा अक्ष किती ताणता येतो?"

"कितीही," मृणाल डोळे पुसत म्हणाली. इतकी वर्षं शिकवल्यामुळे खरं उत्तर तिच्या तोंडून आपोआप गेलं.

धुमाळांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग ते व्हॅनच्या दारातून बाजूला झाले.

विनेश व्हॅनमध्ये चढला. त्यानं कोयता कीबोर्डशेजारी ठेवला आणि बहिणीसाठी खुर्ची पुढे ओढली.

"मग बस, ताई. वाशेरे इथून सरळ रेषेतच आहे."